मफ्याचा मोसम

मफ्यानं पहिली किंकाळी ठोकली तेव्हा वामनराव दाढी करत होते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. हनुवटीखाली चाललेलं रेझर त्या आवाजासरशी कानाच्या पाळीपर्यंत गेलं आणि वामनराव रक्त पुसायचं सोडून, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून, अंगणात धावले. त्यांना वाटलं, कुणीतरी मेलं.

कुणी मेलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या दांडीवर मफ्या तुरा ताठ करून बसला होता आणि दुसऱ्या किंकाळीसाठी छाती भरून घेत होता.

"ए! गप!" वामनराव गरजले.

मफ्यानं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि तितक्याच जोरानं उत्तर दिलं.

गावाचं नाव सांगत नाही. पुढं पालिकेचा विषय येणार आहे आणि तिथली माणसं ओळखीची आहेत. मलकापूरहून बसनं पाऊण तास, एवढं पुरे. त्या गावातल्या माऊली नगरात वामनरावांचं घर. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. कोणती गाडी कुठं लागली हे ते खिडकीतून सांगायचे, आणि भोंगा चालू असला काय, बंद असला काय, पलीकडच्या रसवंतीत बसलेला माणूस ग्लास टाकून पळत यायचा. मात्र ही गोष्ट इतरांना माहीत होती, त्यांना नव्हती. स्वतःच्या मते वामनराव अत्यंत मृदुभाषी होते.

मफ्या मूळचा त्यांचा नव्हेच. पूनमचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा. अकोल्याला फार्मसी शिकताना तिनं हे राखाडी, गालावर नारिंगी टिकल्या असलेलं कॉकाटील जातीचं, लहान पोपटासारखं पाखरू घेतलं आणि त्याचं नाव 'मफिन' ठेवलं. मग नाशिकला नोकरी लागली, घरमालकीण म्हणाली पाखरू चालणार नाही, आणि दोन महिन्यांसाठी म्हणून मफिन इथं आला. सरस्वतीबाईंनी, म्हणजे वामनरावांच्या सौभाग्यवतींनी, दुसऱ्याच दिवशी त्याचा मफ्या केला. दोन महिन्यांचे आठ झाले. तोवर मफ्या सभ्य होता. दुपारी थोडी शीळ घालायचा, सरस्वतीबाई भाजी निवडायला बसल्या की त्यांच्या चष्म्याची दांडी कुरतडायचा आणि सहा वाजता झोपायचा. वामनराव त्याच्याबद्दल अभिमानानं सांगत, "आमच्या घरचं वळण हाये त्याले."

ते वळण त्या सकाळी सुटलं. उजाडलं की मफ्या सुरू व्हायचा आणि मावळेपर्यंत चालायचा. शीळ नव्हे, गाणं नव्हे. पत्र्यावर खिळा ओढावा तसा एकच सूर, मध्ये श्वासाला थांबून पुन्हा तोच. वामनराव दर खेपेला "गप!" म्हणायचे. मफ्या दर खेपेला ओ द्यायचा. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं भाऊ शेताच्या दोन टोकांना उभे राहून बोलतायत.

आता यात मोठी अडचण अशी होती की वामनराव हे माऊली नगरात शांततेचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. शेजारच्या अर्जुनरावांची पिठाची गिरणी होती. निवृत्त झाल्या झाल्या वामनरावांच्या लक्षात आलं की तीस वर्षं आपण दिवसा घरी नव्हतो म्हणून ही गिरणी आपल्याला ऐकू आली नव्हती. त्यांनी पालिकेला अर्ज केला. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. असे सतरा अर्ज झाल्यावर पालिकेनं कंटाळून आदेश काढला: गिरणी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच चालेल. त्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षं, अर्जुनराव आणि वामनराव यांच्यात एक शब्द नव्हता. समोरून येताना अर्जुनराव आभाळाकडं बघायचे आणि वामनराव चपलेकडं.

त्यामुळं मफ्याच्या ओरडण्याच्या तिसऱ्या दिवशी अर्जुनराव सकाळी गच्चीवर आले, खुर्ची टाकून बसले आणि बशीतून चहा पीत वामनरावांच्या अंगणाकडं हसऱ्या चेहऱ्यानं पाहत राहिले, तेव्हा वामनरावांना ते दाढीच्या जखमेपेक्षा जास्त लागलं.

सल्ले यायला चौथ्या दिवसापासून सुरुवात झाली. पहिले पंजाबराव. हे वामनरावांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती, कृषी खात्यातून सुटलेले, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही विषयावर मत असलेले.

"एकटं हाये ना ते," पंजाबराव पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले. "जीव लागत नाही त्याचा. आरसा लावा."

"आरसा?"

"हाव. त्याले वाटन, दुसरं कोणी हाये सोबतीले. बसन मंग गप."

वामनरावांनी बाजारातून गोल आरसा आणला. मफ्यानं आरशात पाहिलं, आणि त्याचं आयुष्य बदललं. तो आरशापुढं झुकला. पंख खांद्यापासून हलकेच उचलून त्यानं बदामासारखा आकार केला. चोचीनं काचेवर टक टक केलं. आणि मग त्यानं आरशातल्या त्या देखण्या व्यक्तीसाठी जे काही सुरू केलं त्यापुढं आधीची ओरड म्हणजे कुजबुज होती.

"खुश झाला पा," पंजाबराव म्हणाले आणि घरी गेले. ते तिसऱ्या गल्लीत राहत.

मग समोरच्या आशाबाई आल्या. त्यांनी लांबूनच निदान केलं. "अशक्तपणा हाये त्याले. नुसत्या राळ्यावर काय होते बापा? अंगात काही नसलं की जीव असाच कावते. आमच्या सुवर्णाले बाळंतपणात असंच झालं होतं." सुवर्णा म्हणजे त्यांची सून. त्या क्षणी ती दारातच उभी होती आणि आत निघून गेली.

आशाबाईंच्या यादीनुसार मफ्याला उकडलेलं अंडं सुरू झालं. भिजवलेली मटकी, मक्याचं कोवळं कणीस, सूर्यफुलाच्या बिया. माळकरी घरात अंडं उकडायचं म्हणून सरस्वतीबाईंनी परसात वेगळी चूल मांडली. वामनराव त्या चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायचे आणि भिंतीपलीकडून कुणी बघत नाही ना याची खात्री करायचे. आठवड्याभरात मफ्याच्या अंगावर तकाकी आली. आवाज तर असा भरला, की दोन गल्ल्या पलीकडं पंजाबरावही लवकर उठू लागले.

पंजाबराव परत आले. "मले वाटते, भेलं हाये ते. लपाले जागा पाह्यजे पाखराले." वामनरावांच्या नव्या बुटांचं खोकं पिंजऱ्यात गेलं. मफ्या खोक्यात शिरला, आतल्या कागदाच्या बारीक चिंध्या केल्या, त्यांची गादी घातली आणि खोक्याच्या तोंडाशी पहाऱ्याला उभा राहिला. दाणे घालायला गेलेल्या वामनरावांच्या अंगठ्याचा त्यानं लचका काढला. त्यावर आशाबाई म्हणाल्या, अंधाराला भीत असेल, म्हणून रात्री बल्ब चालू ठेवायचं ठरलं. आता मफ्या संध्याकाळी सहाला थांबायचा तो साडेदहापर्यंत जाऊ लागला. सरस्वतीबाई मात्र कुणाचा सल्ला न घेता एकच करत होत्या. ओरडला की त्याला मांडीवर घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवायच्या. "उगी रे माह्या राजा, उगी." तेवढा वेळ तो डोळे मिटायचा. खाली ठेवला की दुप्पट.

आणि मग एका दुपारी पालिकेचा माणूस अर्जाची प्रत देऊन गेला. तक्रारदार: अर्जुनराव.

वामनरावांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि त्यांना खुर्ची लागली. "सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा शांतताप्रिय नागरिक असून..." ही भाषा ओळखीची होती. ही भाषा त्यांची होती! अर्जुनरावांनी वामनरावांचाच सतरावा अर्ज समोर ठेवून उतरवला होता. 'गिरणी' काढून तिथं 'पक्ष' घातला होता, कारण पक्षी शब्द लिहिताना दुसरी वेलांटी राहिली होती. आणि जिथं लक्ष गेलं नव्हतं तिथं मूळ मजकूर तसाच राहिला होता.

"सदर पक्षाचा पट्टा सैल व मोटार जुनी झाली असून," वामनराव सरस्वतीबाईंना वाचून दाखवू लागले, "त्यास वेळोवेळी तेलपाणी केले जात नाही. ऐकून राह्यली काय? मोटार जुनी झाली म्हणे! उतरवताबी येत नाही या माणसाले!"

"हळू," सरस्वतीबाई म्हणाल्या. "बाहेर ऐकू जाते."

"मी हळूच बोलून राह्यलो!"

मफ्यानं दुजोरा दिला.

पालिकेत हा विषय प्रेमानंद नावाच्या लिपिकाकडं होता. वामनराव दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढं जाऊन बसले. प्रेमानंद सज्जन होते, थकलेले होते, आणि मार्च महिना असल्यामुळं त्यांच्या टेबलावर घरपट्टीच्या नोटिसांचा ढीग होता.

"काका, पयले तं मी हा अर्ज परतच करत होतो," प्रेमानंद म्हणाले. "सदर पक्षाच्या ओरडण्यामुळे, असं लिहेल हाये. मले वाटलं राजकीय हाये. मंग मोटारीचं वाचलं तं वाटलं पाणीपुरवठ्याचं हाये. शेवटी त्यायलेच बोलावून विचारलं."

"मंग आता?"

"आता नोंद झाली." प्रेमानंदांनी नोंदवही फिरवली. प्राण्यांच्या उपद्रवाच्या पानावर तीनच रकाने होते: कुत्रा, मोकाट गुरे, डुक्कर. "पाखराचा रकाना नाही. गुरात नाही बसत ते, कुत्र्याच्या रकान्याले नसबंदीचा दाखला लागते. म्हून डुक्करमदी घेतलं. पण कंसात 'इतर' लिहेल हाये बरं, काळजी करू नका."

तिसऱ्या दिवशी वामनरावांच्या दाराला नोटीस चिकटली. 'आपल्या मालकीच्या डुक्कर (इतर) मुळे परिसरातील नागरिकांना होणाऱ्या त्रासाबाबत.' ती निघेना, कारण खळ घट्ट होती. सरस्वतीबाईंनी ओल्या फडक्यानं बराच वेळ घासलं तेव्हा बाकी मजकूर गेला आणि 'डुक्कर' तेवढं राहिलं. वामनरावांनी त्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलं, मग ते बरं दिसत नाही म्हणून काढलं आणि नाशिकच्या द्राक्षांचं लावलं.

मग मोजणी झाली. प्रेमानंद मोबाईलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेऊन आले. पंचनाम्याला पंच म्हणून पंजाबराव आणि आशाबाई. अर्जुनराव आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून उभे होते, अंगावर पीठ, चेहऱ्यावर न्याय. मफ्यानं कुणाचीही निराशा केली नाही. आकडा आला चौऱ्याऐंशी.

"आता त्यायची गिरणी मोजा!" वामनराव म्हणाले. "न्याय सर्वायले सारखा पाह्यजे!"

गिरणी चालू केली. आकडा आला एकाहत्तर. वामनरावांचा चेहरा पडला.

"हे मशीन बरोबर नाही," ते उठून उभे राहिले. "प्रेमानंद, मी तीस वर्षं सरकारी सेवा केली. माह्या घरी कोणी वर आवाजात बोलत नाही. इचारा इथल्या कोणाले! सतरा अर्ज केले मी या गल्लीच्या शांततेसाठी! सतरा! आणि आज माह्या दारावर डुक्कर?"

प्रेमानंद मोबाईलकडं पाहत होते. त्यांनी तो जरा झटकला, पुन्हा पाहिला. "काका," ते संकोचून म्हणाले, "तुमचा त्र्याण्णव आला."

मफ्यासुद्धा गप्प बसला, जणू त्याला आपली जागा कळली. मग अर्जुनराव हसायला लागले. आधी ओठ मिटून, मग खांदे हलवून, मग ओट्याचा खांब धरून. दोन वर्षांत वामनरावांकडं तोंड करून त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट. पंजाबराव खोकल्यासारखं करून हसत होते. आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि वामनरावांनी मागं वळून आपल्या बायकोकडं पाहिलं तर त्या तुळशीतलं वाळकं पान काढत होत्या, पाठमोऱ्या, आणि त्यांची पाठ हलत होती.

पंचनाम्यात तिन्ही आकडे लागले. तिसऱ्यापुढं 'मालक (स्वतः)'. आदेश असा: पंधरा दिवसांत आवाज आटोक्यात आणावा, अन्यथा सदर प्राणी अन्यत्र हलवावा.

पूनमचा फोन आला. "बाबा, जाऊ द्या. मुदत संपली की रविवारी येते मी. इथं एक जण घ्यायला तयार आहे, त्याच्याकडं बरेच पक्षी आहेत. तुम्हाला किती त्रास झाला!"

"ठीक हाये," वामनराव म्हणाले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले तर सरस्वतीबाई पोळ्या लाटत होत्या, आणि मफ्या त्यांच्या खांद्यावर बसून चष्म्याची दांडी कुरतडत होता. त्या वळल्या नाहीत.

"पोरगी गेली तवा," त्या पोळीला उद्देशून म्हणाल्या, "हे पाखरू येईपर्यंत मी या घरात कोणासंगं बोलली, सांगा बरं. तुमी अर्ज लिहत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिंजरा ओढणीत गुंडाळला आणि जनावरांच्या दवाखान्याच्या वाटेला लागल्या. वामनराव मागं मागं चपला घालत निघाले. तिथं दोन म्हशी, एक गाभण गाय आणि रुसलेला बोकड रांगेत होते. मफ्या ओरडला तशी एक म्हैस दावं तोडून पेट्रोलपंपापर्यंत गेली. ती परत येईपर्यंत डॉक्टर रुपालींनी मफ्याला पुढं घेतलं. वयानं पूनमएवढ्याच, पण बोलणं स्वच्छ.

"आरसा आहे का पिंजऱ्यात?"

"हाये ना," वामनराव उत्साहानं म्हणाले. "गोल."

"खोकं, डबा असं काही?"

"हाये. बुटाचं. नवं हाये."

"खायला?"

"अंडं, मटकी, कणीस. काहीच कमी नाही पडू देलं."

"उजेड?"

"रात्रभर बल्ब!"

"पाठीवरून हात फिरवता?"

"मी फिरवतो," सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या. त्या भागात बायकाही असंच बोलतात, पण आज त्यांचा आवाज जरा जास्तच पडला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही त्याचं लग्न लावून दिलं. दिवस मोठा व्हायला लागला की यांचा मोसम येतो, त्यात दरवर्षी थोडं ओरडतातच. पंधरा-वीस दिवसांत शांत होतात. तुम्ही त्याला नवरी दिली, घर दिलं, रोज मेजवानी दिली, रात्रीचा दिवस केला, आणि वरून काकू लाड करतायत. तो कशाला शांत होईल?"

उपाय साधा होता. आरसा आणि खोकं बाहेर. अंडं बंद, साधे दाणे. हात लावायचा तर फक्त डोक्याला. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ मिट्ट काळोख आणि शांतता. "आणि तो ओरडला की उत्तर द्यायचं नाही. त्याला वाटतं, थव्यातलं कुणी हाक मारतंय. घरात मोठ्यानं कोण बोलतं?"

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं. बायको भिंतीवरच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या तक्त्याकडं मन लावून पाहत होती.

त्या दिवसापासून वामनराव कुजबुजू लागले. हे लिहायला सोपं आहे. तीस वर्षं फलाटावर काढलेल्या गळ्याला कुजबुजणं म्हणजे ट्रकनं सायकलच्या वाटेनं जाणं होतं. बाजारात त्यांनी मेथीचा भाव इतक्या हळू विचारला की भाजीवालीनं "दुखते काय काही?" म्हणून जुडी जास्त दिली. पंजाबराव घशाच्या कॅन्सरवरचा काढा घेऊन आले. पूनमनं फोनवर आवाज ऐकला आणि आईला विचारलं, "बाबांना काय झालं? खरं सांग."

पण काळोखाचं जमेना. वामनरावांनी घर बांधताना चारी बाजूंनी खिडक्या ठेवल्या होत्या आणि आल्या-गेल्याला त्या दाखवल्या होत्या. पिंजऱ्यावर चादर टाकली तर मार्चच्या उकाड्यात मफ्या चोच उघडून धापा टाकू लागला. रात्री रस्त्यावरच्या खांबाचा दिवा थेट आत. बारा दिवस उरले होते.

"अर्जुनरावाच्या कोठीले खिडकी नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मागच्या अंगाले हाये. दगडी. गार राह्यते. पाच वाजता गिरणी बंद झाली की तिथं चिडीचूप."

"तुले काय मालूम?"

"मले कसं मालूम म्हणजे? गीताबाईसंगं पापड तिथंच तं ठेवले होते पयल्या पावसात."

वामनरावांना तेव्हा कळलं की ते दोन वर्षं जे युद्ध लढत होते, त्यात त्यांची बायको आणि अर्जुनरावांची बायको गीताबाई कधी सामील झाल्याच नव्हत्या. भिंतीवरून वाट्या जात होत्या. त्यांनी खाल्लेलं लिंबाचं लोणचं शत्रूच्या घरचं होतं.

संध्याकाळी पावणेसहाला वामनराव पिंजरा छातीशी धरून अर्जुनरावांच्या दारात उभे राहिले. अर्जुनरावांनी दार उघडलं. आभाळाकडं बघायला वर छत होतं, त्यामुळं त्यांना वामनरावांकडं बघावं लागलं.

"काय पाह्यजे?"

वामनराव कुजबुजले.

"काय?"

वामनराव पुन्हा कुजबुजले. अर्जुनरावांना वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे. शेवटी आतून गीताबाई आल्या आणि म्हणाल्या, "कोठीत ठेवाचं म्हणते ते पाखरू. माह्यं न सरस्वतीचं बोलणं झालं हाये. सरका."

अर्जुनराव सरकले नाहीत. "लेखी द्या," ते म्हणाले.

वामनरावांनी ओट्यावर बसून लेखी दिलं. 'सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे पाखरू संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेत आपल्या कोठीत निजण्यास परवानगी मिळावी.' अर्जुनरावांनी ते दोनदा वाचलं, गिरणीचा शिक्का मारला आणि एक प्रत स्वतःकडं ठेवली. "दोन वर्षांत पयल्यांदा तुमचा अर्ज माह्या नावानं आला," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. वामनराव पिंजरा घेऊन आत गेले आणि जाताना चपला बाहेर काढून गेले.

रोज दोनदा भेट होऊ लागली. आधी नुसतं दार उघडणं. मग "गर्मी हाये आज." मग चहा. पीठ पाखराच्या छातीला वाईट असं डॉक्टरीणबाईंनी कळवलं, तेव्हा अर्जुनराव संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालूनच कोठीपाशी जाऊ लागले. गीताबाई सरस्वतीबाईंना म्हणाल्या, "चोवीस वर्षं मी सांगून राह्यली आंघोळीचं."

सहाव्या दिवशी मफ्या दुपारी ओरडला आणि कुणी ओ दिली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. वामनराव तोंडात रुमाल धरून बसले. आठव्या दिवशी ओरडणं सकाळच्या दहा मिनिटांवर आलं. दहाव्या दिवशी वामनराव पाखरू न्यायला आले, तर मफ्या अर्जुनरावांच्या खांद्यावर बसून त्यांच्या कानात बारीक शीळ घालत होता आणि अर्जुनराव डोळे मिटून ऐकत होते. वामनरावांना एकदम असं वाटलं की आपण या माणसाविरुद्ध अठरावा अर्ज करावा. पण तसं बोलायला जो आवाज लागला असता तो त्यांनी बंद ठेवला होता.

"यानं मले ओळखलं बरं," अर्जुनराव डोळे न उघडता म्हणाले.

"तो कोणालेबी ओळखते," वामनराव कुजबुजले.

सरस्वतीबाईंनी नाशिकला फोन करून सांगितलं, रविवारी यायचं तर ये, पण पिंजरा न्यायला येऊ नकोस.

पंधराव्या दिवशी फेरमोजणी होती. प्रेमानंद सकाळी यायचे होते. पण ती मार्चअखेर. घरपट्टीची वसुली करत करत ते माऊली नगरात पोचले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वामनरावांच्या अंगणात त्यांनी मोबाईल धरला. आकडा आला एकोणचाळीस.

"प्राणी कुठं हाये?"

"निजला," वामनराव म्हणाले. खरं तेच.

"पाहू द्या. प्रत्यक्ष पाहावा लागते." घरभर पाहिलं, प्राणी नव्हता. वामनरावांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण इतक्या हळू, की प्रेमानंद तोवर "हलवलेला दिसते, बरं झालं" असं म्हणून तक्रारदाराची समाधानाची सही घ्यायला शेजारी गेलेसुद्धा. अर्जुनराव ओले केस विंचरत होते. मागची कोठी किंचित उघडी होती. त्यातून एक झोपाळू, समाधानी 'टिर्र' ऐकू आलं.

प्रेमानंदांनी कोठीत बॅटरी मारली. मग त्यांनी ओट्यावर बसून बराच वेळ लिहिलं. आशाबाई पंच म्हणून सही करायला आल्या, पंजाबराव आपणहून आले. मजकूर असा होता: 'सदर डुक्कर (इतर) हे गैरअर्जदाराच्या घरी आढळून आले नाही. सबब त्याच्याविरुद्धची तक्रार निकाली. तथापि सदर डुक्कर (इतर) हे तक्रारदाराच्या ताब्यात, बंद खोलीत, विनापरवाना आढळून आले. सबब तक्रारदारास नोटीस.'

"मले?" अर्जुनरावांचा कंगवा हातातच राहिला. "अहो, तक्रार मी केली!"

"तेच तं," प्रेमानंद म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "ज्याच्या घरात सापडन त्याच्या नावावर. सात दिवसात खुलासा द्या. लेखी." आणि ते पुढच्या घराच्या घरपट्टीला गेले.

अर्जुनराव मोडल्यासारखे स्टुलावर बसले. आयुष्यात त्यांना स्वतःचा असा एकही अर्ज लिहिता आला नव्हता. जो लिहिला तोही वामनरावांचाच होता. त्यांनी वामनरावांकडं पाहिलं. वामनराव आधीच खिशातून पेन काढत होते.

गीताबाईंनी दिवा लावला, सरस्वतीबाईंनी भिंतीवरून कोरे कागद दिले. वामनरावांनी मांडीवर पाटी घेतली. दोन वर्षांत त्यांच्या हाताला असं स्फुरण चढलं नव्हतं. आधी त्यांनी 'डुक्कर' या शब्दावर हरकत घेतली. मग पक्षी या शब्दाची दुसरी वेलांटी स्पष्ट काढली. मग ताबा आणि निजायची सोय यांतला कायदेशीर फरक दीड पानात मांडला. तिसऱ्या पानावर आपोआप एक वाक्य आलं: अर्जदार अर्जुनराव हे शांतताप्रिय नागरिक असून त्यांच्या गिरणीच्या वेळा पूर्ववत करण्यास शेजाऱ्यांची काहीही हरकत नाही. ते लिहून झाल्यावर त्यांनी त्याखाली एक रेघ ओढली.

"झालं? वाचा मंग," अर्जुनराव म्हणाले.

वामनराव वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते.

"अहो, मोठ्यानं वाचा ना! काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं!"

वामनरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कोठीच्या बंद दाराकडं मान हलवली.

"हळू बोला, अर्जुनराव. पाखरू निजलं ना."

अर्जुनरावांनी जीभ चावली, स्टूल दोन्ही हातांनी अलगद उचललं, आवाज न करता वामनरावांच्या अगदी जवळ आणून ठेवलं, आणि कान पुढं करून बसले.